चलन आपलं नाही, तरी भरून टाकायचं का? (ई-चलन, व्हर्च्युअल कोर्ट, लोकअदालत)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांचा आहे, पण झोप माझी उडाली आहे.

अप्पांची करड्या रंगाची स्कूटर आहे. वय ६८. गाडी कराडात मंडई, बँक आणि संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत जाते, त्यापलीकडे नाही. गेल्या आठवड्यात त्यांना मेसेज आला की तुमच्या वाहनाचं प्रकरण व्हर्च्युअल कोर्टाकडे पाठवलं आहे. मी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहिलं. साधारण ७० दिवसांपूर्वीचं चलन. विनाहेल्मेट ५०० आणि ट्रिपल सीट १०००, एकूण १५०० रुपये. ठिकाण घाटापलीकडच्या शहरातला एक चौक. त्या वर्षात अप्पा त्या शहरात गेलेलेच नाहीत.

फोटो उघडला तर काळी मोटारसायकल, तीन तरुण मुलं. नंबरप्लेट तिरकी. सिरीजचं एक अक्षर नीट पाहिलं तर आमच्यापेक्षा वेगळं दिसतं, पण झटकन वाचलं तर आमचंच वाटेल.

अप्पा म्हणतात, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दीड हजार भर आणि मोकळी हो." मला हे पटत नाही. त्यांनी ४० वर्षांत एकदाही पावती फाडून घेतलेली नाही. पण भांडायचं तर नेमकं कुठे आणि कसं? कोणी केलंय का?

चाकरमानी
ताई, मी भरून मोकळा झालो होतो. ५०० रुपयांचं नो पार्किंगचं होतं. दोन दिवस रजा टाकून भांडण्यापेक्षा परवडलं. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण हिशेब करा.

रानजाई
@चाकरमानी, हिशेब पुरा करा ना मग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालचे गुन्हे पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केले तर १५०० असे आहेत. न केलेला पहिला गुन्हा कबूल केला की पुढे कधी खरोखर चुकलात तर तो दुसरा धरला जाऊ शकतो. पैसे भरणं म्हणजे नुसते पैसे जाणं नव्हे, गुन्हा आपल्या गाडीच्या नावावर लागणं आहे.

शिवाय त्या तीन पोरांना कळलंच नाही की आपल्याला कोणी पाहिलं. ती तशीच हिंडत असतील, डोक्यावर काही नसताना.

वहिवाट
मी वकिली करतो, मोटार वाहन कायद्याची प्रकरणंही पाहतो. जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहिती फार फिरते.

चलन म्हणजे शिक्षा नव्हे. ते आरोपाचं कागदपत्र आहे. कलम २०० प्रमाणे सरकारने काही गुन्हे तडजोडीला योग्य ठरवले आहेत. तुम्ही ठरलेली रक्कम पोलिसांकडे भरली की तडजोड झाली, प्रकरण तिथेच संपलं. नाही भरली तर ते कोर्टाकडे जातं. महाराष्ट्रात यासाठी व्हर्च्युअल कोर्ट आहे, त्याची सुरुवात २०२० मध्ये नागपूरकडे झाली. ई-कोर्टाच्या व्हर्च्युअल कोर्ट संकेतस्थळावर राज्य आणि वाहतूक विभाग निवडायचा, मग गाडीचा किंवा चलनाचा नंबर टाकायचा. तिथे दोनच वाटा दिसतात. प्रस्तावित दंड मान्य आहे, किंवा मला प्रकरण लढवायचं आहे. दुसरी वाट निवडली की प्रकरण ज्या हद्दीत गुन्हा घडल्याचं म्हटलं आहे तिथल्या नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होतं.

कृष्णाकाठ ताई, यातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. कोर्ट कराडचं नसेल. घाटापलीकडे जावं लागेल. पण तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा समोरच्यानेच दिला आहे, तो फोटो. गाडीचा प्रकारच वेगळा. आरसी बुकात स्कूटर, फोटोत मोटारसायकल. यावर वाद घालायला वकीलही लागत नाही.

आणखी एक. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ च्या ऑगस्टमध्ये १६७अ हा नियम आला. कॅमेरा किंवा तत्सम उपकरणाने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची, आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत ते रेकॉर्ड जपून ठेवायचं, असं त्यात आहे. तुम्हाला पहिली सूचना कधी मिळाली ते तपासा.

कृष्णाकाठ
मनापासून आभार! पण पहिली सूचना मिळालीच नाही. थेट कोर्टाचाच मेसेज.

शिट्टीवाला
मी ३१ वर्षं पोलिसांत काढली, त्यातली ९ वाहतुकीत. बेटा, आरसीवर मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघ. दहा घरांतल्या चार घरी तो शोरूमच्या पोराचा तरी निघतो, नाहीतर बंद पडलेला तरी. गाडी घेताना फॉर्म भरणारा घाईत असतो, आपला किंवा कुठलाही नंबर टाकतो. मग सूचना जाते त्या नंबरला. मालकाला पत्ता लागतो तो गाडी विकायला काढल्यावर.

कृष्णाकाठ
काका, अगदी बरोबर निघालं! आरसीवरचे शेवटचे दोन आकडे वेगळे आहेत. कोर्टाचा मेसेज अप्पांना कसा आला मग? तेही कळलं. तो शेजारच्या वाण्याच्या मुलाने आपल्या फोनवर चलन तपासून अप्पांना पुढे पाठवला होता. अप्पा रोज त्याच्याकडे बसतात, त्याने सहज सगळ्यांच्या गाड्या तपासल्या होत्या. त्याचे पेढे द्यायला हवेत.

शिट्टीवाला
परिवहनच्या वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर बदलता येतो, आधी ते काम कर.

आता फोटोबद्दल. आमच्या वेळी पावती पुस्तक असायचं, माणूस समोर उभा असायचा, चूक झाली तर तिथल्या तिथे कळायची. आता चौकात गर्दी, गाडी थांबत नाही, हवालदार फोटो काढतो आणि नंबर हाताने टाकतो. संध्याकाळी एम आणि एन, बी आणि ८, डी आणि ओ यांत गल्लत होते. यात बदमाशी नसते बहुतेकदा. पण चूक ज्याने केली त्याने ती दुरुस्त करावी, एवढं तरी व्हायला पाहिजे. नंबर टाकल्यावर पडद्यावर गाडीची कंपनी, रंग येतो. तो फोटोशी जुळवून बघायला पाच सेकंद लागतात. नव्या पोरांना मी हेच सांगायचो.

डबलडेकर
हवालदारांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन बनवायची पद्धत होती ना? त्यावर २०२५ मध्ये वरून परिपत्रक निघालं होतं, खासगी मोबाइल वापरू नका म्हणून.

शिट्टीवाला
हो, निघालं. फार गरजेचं होतं. दुपारी फोटो काढायचे आणि रात्री बसून चलन बनवायचं, त्यात तारीख, वेळ, ठिकाण सगळ्याचाच घोळ होतो.

घाटमाथा
उलटी बाजू मांडतो. मला द्रुतगती मार्गावर घाट उतरताना वेगाची दोन चलनं आली, प्रत्येकी २००० रुपये. कारला एरवी १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. मी ८० च्या आसपास होतो. मित्र म्हणाले भांड, घाटात ६० ने कोण चालवतं. पण फलक होते, मी पाहिले होते, गाडीत माझी मुलगी झोपली होती. भरले चार हजार. आता तिथे पाय आपोआप ब्रेकवर जातो. आपली चूक असेल ते निमूट भरावं आणि नसेल ते शेवटपर्यंत लढावं, दोन्ही एकाच माणसाने केलं तर त्याच्या बोलण्याला वजन राहतं.

दहाचाकी
आमच्या ११ गाड्या आहेत, माल वाहतुकीच्या. आमच्याकडे चलनांची वेगळी वही आहे. चलन येतं मालकाच्या नावावर, गाडी असते ड्रायव्हरच्या हातात. भरायचं कुणी, यावरून ड्रायव्हर सोडून गेलेत माझे. आता नियम केलाय. वेग आणि मोबाइल ड्रायव्हरच्या पगारातून, ओव्हरलोड आणि कागदपत्रं माझ्या खिशातून. प्रवेशबंदीची चलनं निम्मी निम्मी, कारण वेळेत पोचव म्हणून फोन मीच करत असतो.

एकदा एकाच रस्त्यावर ११ मिनिटांच्या अंतराने एकाच गाडीला प्रवेशबंदीची दोन चलनं आली. गाडी कोंडीत अडकलेली, जागची हललीसुद्धा नव्हती. तक्रार केली, सोबत जीपीएसचा नकाशा जोडला. एक रद्द झालं, एक मी भरलं. सहा आठवडे लागले. पण झालं.

चाकरमानी
तक्रार ऑनलाइन केलीत की प्रत्यक्ष?

दहाचाकी
आधी ऑनलाइन. उत्तर आलं, "फोटो योग्य आहे." मग माणूस पाठवला, लेखी अर्ज, पोच घेतली. लेखी अर्जाची पोच घ्याच. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा.

पार्सल_पोचलं
सगळे गाडीवाले बोलतायत, मी रोज गाडीवर पोट भरणारा बोलतो. दीड वर्षात १४ चलनं, ९,००० च्या वर. त्यातली १० तरी माझीच होती. नो एंट्री, एकेरी वाट, झेब्रा क्रॉसिंगवर चाक. ऑर्डर २० मिनिटांत पोचवायची असते आणि गल्लीला वळसा घातला तर पाच मिनिटं जातात. मी कारण सांगत नाही, चूक ती चूक. पण ९,००० एकदम कुठून आणणार? महिना निघतो १८ हजारांत.

लोकअदालतीचा मेसेज आला म्हणून गेलो. सकाळी ९ पासून रांग. मॅडमने सगळी चलनं एकत्र बघितली, विचारलं काय काम करतोस. जुन्या काहींत सूट दिली, बाकीचं भरायला सांगितलं. मी मित्राकडून उसने घेऊन त्याच दिवशी भरले. पावती हातात आली तेव्हा डोळ्यात पाणी आलं. त्या दिवसापासून एकही नाही. नो एंट्रीची गल्ली आली की उतरून गाडी ढकलत नेतो.

रानजाई
@पार्सल_पोचलं, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या घरी पार्सल घेऊन येणाऱ्यांना मी आता कधीच "उशीर झाला" म्हणणार नाही.

कृष्णाकाठ
मग आम्हीही लोकअदालतीत जाऊ का? मेसेज फिरतोय की तिथे निम्मी रक्कम माफ होते.

वहिवाट
नका जाऊ. निदान या चलनासाठी तरी.

लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे चालते. तिचा पाया आहे समझोता. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी असते. तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नाही. चूक आपली आहे पण रक्कम डोईजड आहे, अशा माणसासाठी ती उत्तम जागा. पार्सलवाल्या भावांसारख्यांसाठीच ती आहे. पण तुमची चूकच नाही. तिथे समझोता केला म्हणजे थोडी का होईना, चूक पदरात घेतली.

निम्मी रक्कम माफ हा हक्क नव्हे. बंगळुरूला फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनेच ५० टक्के सवलत जाहीर केली होती, तेलंगणात २०२२ मध्ये दुचाकींना त्याहून मोठी. ते त्या त्या सरकारचे निर्णय. आपल्याकडे फिरणारे सगळे मेसेज त्या बातम्यांतून उगवतात. लोकअदालतीत काय मिळेल ते समोर बसलेल्या पॅनेलवर आणि प्रकरणावर आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण तर तिथे मिटतच नाही, त्याला कोर्टापुढे उभं राहावंच लागतं, आणि तसंच असावं.

आंबोळी
मेसेजचा विषय निघालाय म्हणून कळकळीने सांगते. माझ्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाचा मेसेज आला, सोबत आरटीओ चलन नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. काकांनी उघडली. अर्ध्या तासात खात्यातून ४७ हजार गेले. कोणतंही सरकारी खातं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवत नाही. लिंकवर बोट ठेवू नका. स्वतः ब्राउझर उघडा, पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना बघा. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. काका लाजेने दोन दिवस बोलले नाहीत, तिथेच घात झाला. पहिल्या तासात फोन केला असता तर काही रक्कम तरी अडवता आली असती.

डबलडेकर
माझा अनुभव कृष्णाकाठ यांच्या पुढची पायरी. माझ्या कारच्या नंबरची दुसरी गाडीच रस्त्यावर होती. अक्षर चुकलं नव्हतं. तोच नंबर, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग! सहा महिन्यांत ७ चलनं, सगळी मी कधी न गेलेल्या भागातली. फोटो मोठा करून बायकोने फरक शोधला. आमच्या गाडीला मागच्या काचेवर वायपर आहे, त्या गाडीला नव्हता.

पोलिस ठाण्यात गेलो तर आधी कोणी लिहून घेईना. तिसऱ्या दिवशी घेतलं. सोबत दिलं ते असं: सोसायटीच्या गेटची नोंदवही, ऑफिसची हजेरी, फास्टॅगचा उतारा, सर्व्हिस सेंटरची पावती. सात तारखांपैकी पाच तारखांना गाडी कुठे होती ते कागदावर दाखवता आलं. एका तारखेला तर ती सर्व्हिसिंगला उभी होती. तीच पावती निर्णायक ठरली. ती गाडी पुढे पकडली गेली. चोरीची निघाली.

म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती आलेलीच आहे, जुन्यांना लावावी लागते. मी आधी कंटाळा करत होतो. ज्या आठवड्यात लावली त्यानंतर एकही खोटं चलन नाही.

वहिवाट
@डबलडेकर यांनी कागद गोळा केले ती पद्धत सगळ्यांनी लक्षात ठेवावी. लोक मोबाइलच्या लोकेशनचा स्क्रीनशॉट घेऊन येतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा शिक्क्याची एक पावती बरी.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत असते. इकडचं सांगते, तुलनेसाठी. मला वेगाचं तिकीट मिळालं तेव्हा मीही घाबरले होते. इकडे तिकीट त्या गावच्या म्युनिसिपल कोर्टाकडे जातं. ऑनलाइन भरलं तर गुन्हा कबूल आणि लायसन्सवर गुण चढतात, गुण चढले की विम्याचा हप्ता वाढतो. म्हणून बहुतेक जण "नाकबूल" म्हणतात, मग सरकारी वकील भेटतो. माझा आरोप "अनसेफ ड्रायव्हिंग" या सौम्य कलमात बदलला. गुण शून्य, पण दंडावर २५० डॉलरचा अधिभार. म्हणजे गुण टाळायचे तर पैसे जास्त मोजा.

मला ते आवडलं नाही, खरं सांगते. ज्याच्याकडे २५० डॉलर आहेत त्याचं लायसन्स स्वच्छ राहतं. पण एक गोष्ट चांगली वाटली. कोर्टात जाणं तिथे कुणाला लाजिरवाणं वाटत नाही. शाळेतल्या बाई, दुकानदार, म्हातारे आजोबा, सगळे रांगेत. आपल्याकडे कोर्ट म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते.

शिट्टीवाला
@हडसनकाठ, हे शेवटचं खरं आहे. लोक माझ्याकडे यायचे, "साहेब कोर्टात नका पाठवू, इथेच काय ते मिटवा." ५०० रुपयांच्या गुन्ह्यासाठी! त्या भीतीवरच चुकीच्या सवयी पोसल्या गेल्या.

रानजाई
कृष्णाकाठ, अप्पांना हे वाचून दाखवा.

कृष्णाकाठ
दाखवलं. दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "तो हवालदार खरा माणूस दिसतोय. चल, जाऊ." व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर लढवण्याचा पर्याय निवडला आहे. बोट ठेवताना हात थरथरत होता. शिवाय वाहतूक शाखेला लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, सोबत आरसी, स्कूटरचे चारी बाजूंचे फोटो आणि चलनाचा फोटो.

घाटमाथा
शाब्बास. कळवत राहा.

मुळशीकर
जरा वेगळं विचारतो, धागा सुरू आहेच म्हणून. मी २०२२ मध्ये बाइक विकली. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या दिल्या, पैसे घेतले. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. आता त्याची चलनं मला. काय करू?

वहिवाट
कायद्याच्या नजरेत नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. गाडी चार हात फिरली होती तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे तुमच्यापुढे चलन हा लहान धोका आहे, अपघात हा मोठा. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आजच लेखी कळवा, विक्रीचा करार आणि घेणाऱ्याचा पत्ता जोडा. चलनाच्या बाबतीत कलम १३३ आहे, चालक कोण होता ही माहिती मालकाने द्यायची. ती लेखी द्या. या कामात आता एक दिवसही घालवू नका.

मुळशीकर
उद्याच जातो. गाडी विकली म्हणजे विषय संपला असं धरून चाललो होतो. अपघाताचा विचारच केला नव्हता.

दहाचाकी
माझ्याकडे जुनी गाडी विकताना नियम आहे. आरसीवर नाव बदलेपर्यंत २० हजार हातात ठेवून घ्यायचे. घेणारा पंधरा दिवसांत बदलून आणतो.

चाकरमानी
वकीलसाहेब, जुनी चलनं सहा महिन्यांनी आपोआप रद्द होतात असं ऐकलं. खरं का?

वहिवाट
अर्धं खरं, म्हणून घातक. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. पण हे कोर्टात मांडायचं असतं, आणि योग्य कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. चलन आपण होऊन पुसलं जात नाही. सहा महिने गप्प बसून राहिलं आणि मग गाडी विकताना आरटीओत अडकलं, असे लोक आठवड्याला एक तरी येतात.

आंबोळी
आमच्याकडे गोव्यात पर्यटक खासगी नंबरची दुचाकी भाड्याने घेतात. भाड्याच्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात, ती बघून घ्या. पांढऱ्या प्लेटवर विनाहेल्मेट पकडले गेलात की भाड्याने दिल्याचं वेगळं प्रकरण उभं राहतं, आणि सुट्टी ठाण्यात जाते.

कृष्णाकाठ (अडीच महिन्यांनी)
मंडळी, झालं! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे सोबत होतात.

वाहतूक शाखेकडून पत्राला उत्तर आलं की प्रकरण कोर्टात गेल्याने आम्हाला रद्द करता येत नाही. मग समन्स आलं. सकाळची पहिली एसटी धरली. अप्पांचं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट, माझं महिला सवलतीचं अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पिशवीत गाडीचे २०११ पासूनचे विम्याचे सगळे कागद. मी म्हटलं एवढे कशाला, तर म्हणाले, "विचारलं तर?"

११ वाजता हजर होतो. पुकारा झाला ३ वाजून १० मिनिटांनी. मधल्या वेळात अप्पांनी बाकावरच्या सहा जणांची चलनं वाचली आणि त्यातल्या एका रिक्षावाल्याला सांगितलं की फोटोतली रिक्षा तुझी नाही, हुडाचा रंग बघ. तो आधी भरायच्या रांगेत उभा राहणार होता.

आत गेलो. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. अप्पा म्हणाले, "नाही. ती गाडी माझी नाही, आणि माझ्या गाडीवर तीन माणसं बसली तर ती चढणच चढणार नाही." मॅडम हसल्या. आरसी आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले, मग सरकारी वकिलांना दाखवले. त्यांनीही लगेच मान्य केलं की वाहन वेगळं आहे. कामकाज थांबवण्याचा आदेश झाला, दंड नाही. जेमतेम चार मिनिटं. मॅडमनी अप्पांना विचारलं, एवढ्या लांबून आलात? अप्पा म्हणाले, "हो, माझं नाव स्वच्छ होतं, ते तसंच ठेवायला आलो."

बाहेर येऊन त्यांनी मला दोन कप चहा पाजला. एरवी बाहेरचा चहा घेत नाहीत.

खर्च: प्रवास, जेवण, झेरॉक्स, पोस्ट मिळून ८०० च्या आत. माझी एक रजा. @चाकरमानी, हिशेबात तुमचंही चुकलं नव्हतं, दीड हजारात फार बचत झाली नाही. पण परतीच्या एसटीत अप्पा कराड येईपर्यंत बोलत होते. इतकं ते आई गेल्यापासून बोलले नव्हते.

शिट्टीवाला
बेटा, अप्पांना माझा नमस्कार सांग. कराडला आलो की प्रीतिसंगमावर भेटतो.

वहिवाट
आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या आणि ई-चलनाच्या संकेतस्थळावर ते चलन अजून थकीत दिसतं का ते महिन्याभराने पाहा. दिसलं तर प्रत जोडून अर्ज द्या. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात.

कृष्णाकाठ
आजच अर्ज करते. आणि मोबाइल नंबरही बदलून झाला आहे.

चाकरमानी
ताई, तुमचं वाचून मी आज माझं जुनं भरलेलं चलन उघडून पाहिलं. फोटो तेव्हा बघितलाच नव्हता. गाडी माझीच आहे. पण जिथे उभी आहे तिथे पार्किंगचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतोय आणि मागे सम-विषम तारखेचा फलक. तारीख होती १४. फलकावर काय लिहिलंय ते मात्र अर्धंच दिसतंय. भरलेल्या चलनाचं आता काही करता येतं का?

शिट्टीवाला
भरलेलं परत मिळणं अवघड आहे. पण गाडीचा नंबर झाकून फोटो इथे टाका. रस्ता कुठला ते सांगा. सम-विषमचा फलक त्या बाजूला कसा असतो ते मी सांगतो.